मगदूम सरांचा तेहतीस नंबर

मगदूम सर इंग्रजीत शिकवत, मराठीत रागावत आणि कानडीत मोजत. फळ्यावर लांबलचक बेरीज आली की ते आमच्याकडे पाठ करून पुटपुटायला लागत, "वंदू, येरडू, मूरू..." त्यांचं आजोळ कानडी मुलखातलं. मोजायला त्यांना आईनं शिकवलं होतं, आणि आईनं शिकवलेलं मोजणं बदललं की हातचा चुकतो, असं त्यांचं ठाम मत होतं. सांगलीच्या कॉलेजातल्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सर वळलेसुद्धा नाहीत. "हसून घ्या," म्हणाले, "उत्तर यायला अजून अवकाश आहे."

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीनं कॉलेजचा अर्ज माझ्यापुढं ठेवला. "बाबा, दोन विषय लिहायचेत. तुमच्यासारखं काम करायचं तर कुठले घेऊ?" माझं काम विम्याच्या गणिताचं. हजार माणसांतली किती माणसं कितव्या वर्षापर्यंत जगतील याचे तक्ते करायचे, आणि त्यावरून कंपनीनं कुणाला काय भावानं विमा द्यायचा ते ठरवायचं. मी अर्ज हातात घेतला आणि माझी नजर तळाच्या मोकळ्या ओळीवर गेली. ‘विषयप्रमुखांची सही.’ तशाच एका ओळीवर मला एकदा सही मिळाली होती. ती मिळवण्याआधी मी काय केलं आणि मिळाल्यानंतर तिचं काय केलं, हे मी मुलीला सांगू शकलो नाही. आज लिहायला बसलोय ते त्यासाठी. पण सांगायचे आहेत ते मगदूम सर. मी त्यात आलो तर नाइलाजानं येईन.

सर ठेंगणे, रंगानं सावळे. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि एक उंच सायकल. तिच्यावर चढायला त्यांना पायरी किंवा दगड लागे. कोटाच्या वरच्या खिशात दोन पेन्सिली असत, एक काळी आणि एक तांबडी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काळ्या पेन्सिलीनं लिहायचं, दुसऱ्यानं सांगितलेलं तांबडीनं. हा नियम त्यांनी पाळला तसा मी कुणी देवाधर्माचा नेमही पाळलेला पाहिला नाही. वर्गात ते मला ‘अहो जाधव’, शेजारच्याला ‘अहो पाटील’ म्हणत. घरी गेलं की तोच जाधव ‘काय रं’ होई.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हजेरीबरोबर प्रत्येकाची जन्मतारीख विचारली. एक जून. एक जून. एक जून. निम्म्याहून जास्त वर्ग एक जूनला जन्मलेला निघाला. सरांनी वही मिटली.

"अहो, त्या दिवशी सुईणींचे फार हाल झाले असतील," ते म्हणाले. "ही तुमची तारीख नाही. ही तुमच्या मास्तरची. जून महिन्यात शाळेत नाव घालायला नेलं, वय बसवायचं म्हणून त्यानं पहिली तारीख ठोकली. जा, आईला विचारून या."

कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर जाऊन मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. "तू झालास तवा हळद शिजत हुती. तुझा बा फौजेतनं आल्यावरची दुसरी हळद." मी ते सरांना सांगितलं. त्यांनी तांबडी पेन्सिल काढली, कानडीत काही मोजलं आणि म्हणाले, "फाल्गुन. कागदावर आहेस त्यापेक्षा तू तीन महिन्यांनी थोरला आहेस. तुझ्या आईनं सालही सांगितलं, महिनाही सांगितला. तुझ्या मास्तरनं नुसतं ऐकून घ्यायला हवं होतं."

सर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. पण ‘मावळायच्या आत’ म्हणजे अंदाजानं, हे त्यांना खपणारं नव्हतं. सांगलीत कृष्णेकाठच्या घरी त्यांनी वर्षभराचा सूर्यास्ताचा तक्ता स्वतः मांडून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला होता, मिनिटासकट. आम्ही चार-पाच विद्यार्थी संध्याकाळी माडीवर आकडेमोड करत बसलो की सरांच्या पत्नी, आमच्या काकी, खालून हाक मारत, "आवं, सतरा मिन्टं ऱ्हायल्यात! तक्ता खानार हाय का भाकरी?" सर घाईघाईनं उठत, आणि जिन्यात थांबून काकींची चूक काढत. "सतरा नव्हेत. एकोणीस."

ती आकडेमोड कशाची होती ते सांगायला हवं, कारण सरांचा सगळा जीव तिच्यात होता.

तरुणपणी सर मुंबईला एका विमा कंपनीत होते. विलायतेच्या परीक्षांचे पहिले दोन भाग त्यांनी पार केले होते. तिथं एक दिवस आमच्याच बाजूच्या एका शेतकऱ्याचा अर्ज आला. धडधाकट माणूस, बायको, चार मुलं. त्याला नकार द्यायचा होता आणि नकाराचं कारण सरांनी लिहायचं होतं. कंपनीकडचे तक्ते सगळे शहरातल्या नोकरदारांचे. खेड्यातला माणूस किती जगतो हे कुणी मोजलेलंच नव्हतं. सरांनी लिहिलं, ‘वय सिद्ध नाही. त्या भागातील मृत्युमान अज्ञात.’

"अज्ञात!" ही गोष्ट सांगताना सर त्या शब्दावर दर वेळी थांबत. "मी कडेगाव, तासगाव पायाखाली घातलेला माणूस. माझी आत्या त्या गावात दिलेली. आणि मी लिहितो अज्ञात. कागद साहेबापुढं ठेवून बाहेर आलो, तसाच परत आत गेलो आणि म्हटलं, मी मोजून येतो. साहेबाला वाटलं, मी बाहेर कुठं जाऊन दहा मिनिटांत येणार आहे."

त्याला पंधरा वर्षं झाली होती. सर रविवारी आणि सुट्टीत सायकलवरून गावोगाव जात. चावडीत जन्म-मयताचं बुक असे. ते उतरून घेत आणि मग त्यातली वयं खरी आहेत का हे घरोघर विचारून ताडत. नाव लिहिल्याशिवाय वय लिहायचं नाही, हा दुसरा नियम. "आकडा मरत नसतो," ते म्हणत. "धोंडू, बाळा, गंगू मरते." सातारा-सांगलीकडच्या खेड्यांचा आयुष्याचा तक्ता तयार करायचा आणि कंपन्यांच्या पुढ्यात ठेवायचा, म्हणजे ‘अज्ञात’ लिहायची सोय उरणार नाही, हा त्यांचा बेत.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. एका अंगणात म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"आजी, वय काय झालं?" सरांनी विचारलं.

"असंल की चाळीस."

"आणि थोरल्या मुलाचं?"

"त्योबी चाळीसचाच की आता."

मला हसू आवरेना. सर गंभीरपणे उकिडवे बसले आणि शेंगा फोडू लागले. "आजी, मानमोडीच्या सालात, जवा घरटी माणूस जात हुतं, तवा थोरला केवढा?"

"तवा? तवा त्यानं माझ्या सासूला खांदा दिला की. मिसरूड फुटलं हुतं त्येला."

"आन त्याच्या आधी किती लेकरं?"

म्हातारीचा हात थांबला. "दोन. ऱ्हायली न्हाईत."

 आणखी पसाभर शेंगा फोडून झाल्यावर सरांनी तांबडी पेन्सिल काढली. वाटेत मला म्हणाले, "तू हसलास ते बरं झालं नाही. तिला वय माहीत नाही असं तुला वाटलं. तिला सगळं माहीत आहे. फक्त तिनं ते आकड्यात ठेवलेलं नाही."

मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात जाणार होतो आणि विषय ठरायचे होते. शाळा साताऱ्याला बोर्डिंगात राहून झालेली. तिथल्या शास्त्रीबुवांनी संस्कृत पक्कं करून घेतलेलं. त्यामुळं सगळ्यांचं एकच सांगणं होतं, गणित मुख्य घे, जोडीला संस्कृत, पहिला वर्ग ठेवलेला आहे. सरांनी ऐकलं आणि मान हलवली.

"विम्याच्या गणिताला जायचंय ना तुला? मग गणित आणि अर्थशास्त्र. आणि जोडीला-बिडीला काही नाही. दोन्ही मुख्य. दोन्हींचे सगळे पेपर."

"पण सर, पहिला वर्ग जाईल."

"जाऊ दे. गणितवाला विचारतो, हजारातले किती. दुसरा विषय घेतलेल्यानं विचारायचं असतं, कुठले हजार? मुंबईला माझ्याभोवती सगळे पहिल्याच प्रश्नाचे लोक होते. मीही त्यातलाच." मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तक्ता मी बाहेरून करीन. पण तो आत घेणारं कुणीतरी आत बसलेलं पाहिजे. मला आता परीक्षा होत नाहीत. तू जा."

दोन मुख्य विषय घ्यायचे तर विषयप्रमुखाची सही लागे. विद्यार्थ्याला हा भार झेपेल आणि तो विश्वासाचा आहे अशी. प्रमुख सरच होते. अडचण माझ्या वडिलांची होती. ते पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले हवालदार. थेट सरांच्या माडीवर येऊन उभे राहिले.

"मास्तर, पोरगं काय हुनार म्हनं? लोकं कवा मरत्याली त्ये सांगनार?"

"एक माणूस कवा मरंल हे मला सांगता येत नाही, हवालदार. पण हजार माणसं दिली तर त्यातली वर्षात किती जातील, हे मोजून सांगता येतं."

वडील खाली टेकले. मग म्हणाले, "आमच्यात एक साहेब हुता. पलटन म्होरं निघाली की माघारी येतानाचा शिधा त्यो आधीच कमी मागवून ठेवायचा. आन त्येचा अंदाज कदी चुकला न्हाई." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमची नावं बी ठावं नव्हती त्येला."

सर खिशाकडं हात नेऊन थांबले. हे ऐकलेलं होतं, म्हणून तांबडी पेन्सिल हवी होती. त्यांनी ती काढली नाही. "तुमच्या पोराला नावं लिहायला लावतो मी," एवढंच म्हणाले.

"मग चालंल," वडील म्हणाले आणि जिना उतरले.

आता माझी गोष्ट येते.

त्या मे महिन्यात सरांनी मला एक गाव दिलं, वाईपासून कोसभरावरचं, माझ्या मामाचं. मागच्या दहा वर्षांतले सगळे मयत उतरून, ताडून आणायचे. मी गेलो त्या दिवशी चावडीला कुलूप. कुलकर्णी लग्नाला गेलेले. दुसऱ्या दिवशीही कुलूप. तिसऱ्या दिवशी मी पाहायलाच गेलो नाही. वाईच्या घाटावर पोहायला मित्र भेटले, मग एक नाटक कंपनी आली होती, मग आंबे. सुट्टी संपायला दोन दिवस राहिले तेव्हा कागद कोरे होते.

मी मामाच्या मळ्यातल्या झोपडीत बसलो आणि एका दुपारी सव्वाशे माणसं मारली. सरांच्या कपाटातला विलायती तक्ता मला पाठ होता. त्यावरून कुठल्या वयाची किती हवीत ते काढलं, लहान मुलं थोडी वाढवली, आणि गावात ऐकलेली नावं त्यावर बसवली. शिंदे, पिसाळ, जाधव, मोरे. धोंडी बापू नावाच्या एका म्हाताऱ्याबद्दल मामा मागं कधीतरी म्हणाला होता, त्यो आता गेल्यातच जमा. तो गेला असेल असं धरून मी त्याला तेहतीस नंबरवर घातला, वय त्रेसष्ट. सगळं काळ्या पेन्सिलीनं.

सरांनी तो कागद माडीवरच्या खिडकीशी उजेडात धरला आणि ओळींवरून बोट फिरवलं. "फार गुळगुळीत आहे," ते म्हणाले. मला ती शाबासकी वाटली.

दोन दिवसांनी त्यांनी मला दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. एक त्यांच्या हातचा, तासगावकडचा. एक माझा. "हे बघ. ह्या गावात चाळीसला ढीग, पन्नासला ढीग, साठीला तर डोंगर. एकसष्टला कोणी नाही, एकोणसाठला कोणी नाही. आपल्याकडं लोक वय विचारलं की साठ सांगतात, आणि कुलकर्णी साठ लिहितो. मग मला फिरून ती वयं सोडवावी लागतात. तुझ्या गावात मात्र सगळे एकेक करून, ओळीत, शिस्तीनं गेलेत." त्यांनी चष्मा पुसला. "तिथला कुलकर्णी फार हुशार दिसतो. भेटलं पाहिजे त्याला."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. अर्ज भरायला पंधरा दिवस होते, सही व्हायची होती, आणि मी गप्प बसलो. सर दुसऱ्या दिवशी निघाले. सांगलीहून आगगाडी, मग साताऱ्यापर्यंत एक आणि वाईपर्यंत दुसरी, अशा त्या दुसऱ्या लढाईच्या दिवसांतल्या कोळशावर चालणाऱ्या धापा टाकणाऱ्या बसेस, मग पायी. पन्नाशीच्या माणसानं, सूर्यास्ताच्या आत मिळेल तिथं खात. मी त्यांना जाऊ दिलं.

सातव्या दिवशी ते आले. मला बोलावणं आलं. काकींनी मला पाणी दिलं आणि त्या नेहमीसारख्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं.

"तुझा तेहतीस नंबर भेटला," सर म्हणाले. "बरा आहे. मला ताक दिलं त्यानं."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुझं नाव सांगितलं मी त्याला. हसला. पण मला हसता आलं नाही रं. पंधरा वर्षांत मी एक नाव खोटं लिहिलेलं नाही. हा तक्ता मुंबईला गेला आणि कुणी एक गाव उकरून बघितलं असतं, आणि मेलेला माणूस ताक देताना सापडला असता, तर बाकीची सगळी गावं गेली असती. त्यांच्या हातात पुन्हा तोच शब्द आला असता." त्यांनी त्या गावच्या खऱ्या नोंदी काढल्या. चार दिवस बसून त्यांनी स्वतः उतरलेल्या. "तुला गणित येतं हे तुझ्या खोट्या कागदावरनंच कळतं. इतकं बेमालूम मलाही जमलं नसतं. आता जा. धोंडी बापूचं खरं वय काढून आण, आणि मी उतरलेलं पानन् पान मूळ बुकाशी ताडून आण. काळ्या पेन्सिलीनं सही कर. मग मी माझी करीन."

मी गेलो. धोंडी बापू कडुनिंबाखाली दोर वळत बसला होता. मी जवळ जाऊन नुसता उभा राहिलो.

"तूच व्हय रं मला मारनारा?" तो म्हणाला. "मास्तर सांगून गेल्यात. म्हनं एक पोरगं येईल, खाली मान घालून येईल, त्येला आधी पानी द्या."

मी पाणी प्यालो.

"कितव्या वर्साला मारलास?"

"त्रेसष्टाव्या."

त्यानं दोर खाली ठेवला. "लय लौकर मारलास की, गड्या. अजून दोन नाती उजवायच्या ऱ्हायल्यात." आणि मग तोंडभर हसला. त्याच्या सुनेनं घरातून विचारलं, "मामंजी, कोन आलंय?" तर म्हणाला, "माझ्या मयताला आलाय. च्या टाक."

पहिल्या गाठीच्या तापात, म्हणजे पहिल्या प्लेगात, त्याचा थोरला पाळण्यात होता. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि लग्नात त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. मी मोजलं. अडुसष्ट. मग तीन दिवस चावडीत बसून मी सरांचं पान आणि कुलकर्ण्याचं बुक ओळ ओळ ताडलं. एक चूक सापडली नाही. दोन ठिकाणी बुकातली शाई फुटली होती. तिथं सरांनी काळ्या पेन्सिलीनंच लिहिलं होतं, ‘वाचता येत नाही.’

परत आल्यावर सरांनी माझी काळी सही पाहिली आणि अर्जावर आपली केली. गणित आणि अर्थशास्त्र, दोन्ही मुख्य. "आता झालास तू," म्हणाले. काकींनी त्या दिवशी मला जेवायला वाढलं. सूर्यास्ताला अकरा मिनिटं होती.

माझा पहिला वर्ग गेला, पण मुंबईच्या एका कंपनीत जागा मिळाली ती त्या दोन विषयांच्या जोडीमुळंच. विलायतेच्या परीक्षा एकेक करून सुटत गेल्या. दरम्यान बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत आमच्या मुलखातल्या कित्येक चावड्यांची दप्तरं जळाली. कडेगावकडची गेली, धोंडी बापूच्या गावचंही गेलं. सरांनी उतरलेली पानं तेवढी उरली.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी सरांचा तक्ता पुरा झाला आणि आमच्याच कंपनीत आला. जाड बाडाला हळदीच्या पोत्याच्या सुतळीची गाठ होती. वरिष्ठांनी मला बोलावलं.

"तुम्ही त्याच मुलखातले ना? काम मोठं दिसतंय. ह्या मूळ नोंदी कुठं आहेत?"

"जळाल्या, साहेब."

"जळण्याआधी कुणी ताडून पाहिल्या होत्या का?"

एका गावच्या मी ओळ ओळ ताडल्या होत्या; ‘मी’ एवढाच शब्द पुरला असता. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. तुम्हाला का ताडायला लावल्या? मग मला सव्वाशे खोट्या माणसांची गोष्ट सांगावी लागली असती. माझी बढती त्याच महिन्यात ठरायची होती. मी बाडाची सुतळी नीट करत राहिलो. वरिष्ठ म्हणाले, मग तसा शेरा लिहा. मी लिहिलं, ‘मूळ दप्तरे उपलब्ध नसल्याने नोंदींची पडताळणी शक्य नाही.’ बाड परत गेलं.

सरांचं पत्र आलं नाही. वर्षभरानं मी सांगलीला गेलो. माडीवर तेच फडताळ, तोच तक्ता दाराला. सर थकले होते, पण बसले होते तसेच ताठ. त्यांनी कंपनीचा कागद काढला.

"हे वाक्य तुझं."

"होय, सर."

त्यांनी तो उजेडात धरला आणि ओळीवरून बोट फिरवलं. "एक शब्द खोटा नाही. फार गुळगुळीत आहे."

मग मी सगळं सांगितलं. वरिष्ठांनी काय विचारलं, मी कसा गप्प बसलो, कशासाठी. बढती मिळाली हेही सांगितलं. म्हणालो, "सर, मी राजीनामा देतो."

"कशाला?" ते एकदम उसळले. "मी दिला तेवढा बास झाला. त्यानं त्या शेतकऱ्याचं काय भलं झालं? दोन विषय तुला बाहेर पडायला घ्यायला लावले नव्हते मी. आत बसायला लावले होते. बस तिथंच." मग दोन्ही पेन्सिली खिशातून काढून त्यांची टोकं बघितली. "दुसरी फेरी सुरू केलीय. नवी दप्तरं आलीत चावड्यांतनं. पाच गावं झाली. बाड पुन्हा येईल. मी पाठवीन नाहीतर दुसरा कोणी पाठवील. तवा तोच प्रश्न पुन्हा विचारतील."

"सांगीन, सर."

"ते तांबडीनं लिहून ठेवतो," ते म्हणाले. "ऐकलेलं आहे."

खालून काकींची हाक आली, "नऊ मिन्टं!" सरांनी चूक काढली नाही. बहुधा नऊच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पकडायला निघालो तर माधवनगरच्या रस्त्यावर सर दिसले. गिरणीच्या चाळींत माणसांची वयं विचारायला चालले होते. एका मैलाच्या दगडावर पाय ठेवून उंच सायकलवर चढत होते. मला पाहून त्यांनी एक हात सोडला, सायकल डुगडुगली.

"जाधव!" रस्त्यात चारचौघांसमोर ते ओरडले, "तेहतीस नंबर अजून हाय रं!"

मी ओरडून विचारलं, "आता किती वर्षांचा, सर?"

सर थांबले नाहीत. अंदाजानं उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पायडल मारत ते पुढं गेले, आणि जाता जाता त्यांचं पुटपुटणं माझ्या कानावर आलं. वंदू, येरडू, मूरू...